बदरुद्दीन दर्जीच्या बिल्ल्याने काढलेलं उट्टं

मित्रांनो, मी एक जुना ब्राँझचा बिल्ला आहे आणि मनात अढी धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा किती गोड बोलतात, ते तुम्ही ऐकलं असेल. फाटकी छत्री म्हणते, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मोडकी खुर्ची म्हणते, मी सगळ्यांना माफ केलं. करा बापडे! माझी तक्रार आहे आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही.

मस्कतच्या मत्रा बाजारात, खंजीर आणि लोबान विकणाऱ्यांच्या रांगेत, सकलैनचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथे एका काचेच्या पेटीत मी टांगलेला असतो, बरोबर त्याच्या स्टुलासमोर. त्याने मान वर केली की मी दिसतो. ही जागा मला फुकट मिळालेली नाही. ती मी कशी मिळवली, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या टाकसाळीतला. सव्वाशे वर्षं तरी झाली असतील. सरहद्दीवरच्या डोंगरांत एक मोहीम होऊन गेली होती आणि तिथे गेलेल्या एका आयरिश पलटणीला बिल्ले द्यायचे होते. आम्ही सगळे एकाच ठशाखालून निघालो. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बंदुका घेतलेले शिपाई. पण लढणाऱ्या सोल्जरांसाठी चांदी, आणि त्यांच्याबरोबर त्याच थंडीत कुडकुडलेल्या स्वयंपाक्यांसाठी, डोलीवाल्यांसाठी, दर्ज्यांसाठी ब्राँझ. ठसा एक, घाव एक, आणि तरी मी खालच्या पंगतीत. माझ्या स्वभावातला कडवटपणा तेव्हापासूनचा आहे.

मग माझ्या कडेवर इंग्रजी अक्षरांत नाव ठोकलं गेलं. टेलर बदरुद्दीन, आणि पुढे पलटणीचं नाव.

बदरुद्दीन हा श्रीवर्धनचा. पुण्याच्या छावणीत पलटणीचा दर्जी म्हणून लागला आणि तिच्याबरोबर सरहद्दीवर गेला. फाटलेले कोट, तुटलेली बटणं, गळून पडलेल्या पट्ट्या, सगळं त्याच्याकडे यायचं. आणि मेलेली माणसंही यायची. तिथे शवपेट्या कुठल्या? सोल्जर मेला की त्याला त्याच्याच घोंगडीत गुंडाळायचे आणि बदरुद्दीन ती घोंगडी शिवायचा. बोटं बधिर झालेली असली तरी तो टाका जवळजवळ घालायचा. मी तेव्हा नव्हतो. पण म्हातारपणी अंगणात बसून तो पोरांना हे सांगायचा आणि मी त्याच्या छातीवर बसून ऐकायचो.

पुढे त्या सोल्जरांच्या नावांचा दगड त्यांच्या देशात एका चर्चमध्ये बसवला. चांगलं केलं. माझ्या बदरुद्दीनच्या कबरीवर मात्र दगडही नाही. त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्याचं नाव लिहिलेली जागा या जगात एकच होती आणि ती म्हणजे माझी कड. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा मामला याच्यावरच आहे.

बदरुद्दीनच्या घरात एक रीत पडली. ज्या मुलाने पहिला अख्खा कपडा शिवला, म्हणजे कॉलर, बाह्या, काजं सगळं स्वतःच्या हाताने, त्याने मला हातात घ्यायचं, आडवं धरून कडेवरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि मग मी एक दिवस त्याच्या छातीवर लागायचो. एकदा बदरुद्दीनच्या मुलाच्या हातून कात्री सुटली आणि तिचं टोक राणीच्या गळ्याखाली बसलं. तो खळगा अजून आहे. मला त्याचा राग नाही, कारण ती कात्री कामात होती.

कात्री सुटलेल्या त्या मुलाची मुलगी गुलबानू. मुलीला बिल्ला कसा लावायचा, म्हणून लोक कुजबुजले. तिचा बाप म्हणाला, "काजं बघा आधी पोरीची, मग बोला." लोकांनी काजं बघितली आणि गप्प बसले.

लग्न होऊन गुलबानू मस्कतला आली आणि मीही तिच्या ट्रंकेतून आलो. तिच्या नवऱ्याचं मस्कतच्याच हमरिया वस्तीत गणवेश शिवायचं दुकान होतं. शिपाई, सिक्युरिटीवाले, हॉटेलचे दरवान, सगळ्यांची मापं तिथे. बिल्ल्यांना नव्या फिती शिवून देणं, ते पट्टीवर ओळीत बसवणं, हेही तिथेच व्हायचं. नवरा गेल्यावर तिने एकटीने दुकान चालवलं. मी तिच्या मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला असायचो. ते दिवस माझे फार सुखाचे होते. समोर सुई चालू असली की मला बरं वाटतं.

आता सकलैन. हा गुलबानूच्या भावाचा मुलगा, बदरुद्दीनचा सख्खा पणतू. याने सुई हातात धरली ती पायातला काटा काढायला, बस्स! त्यामुळे मी कधी त्याच्या छातीवर लागलो नाही, आणि त्याच्या पोटात ते कायम दुखत राहिलं. मत्र्यात त्याने जुने खंजीर, कंदील, नाणी विकायला सुरुवात केली. मोठ्या बोटीतून उतरणारे टुरिस्ट त्याच्या दुकानात रमायचे. जीभ गोड आणि हात चलाख.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गुलबानूची नात आफरीन हिने पहिला शर्ट शिवला. आफरीनचे आईवडील सोहारला असतात, बाप तिथे अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर आहे. एका शुक्रवारी ती यायची होती आणि मी तिला लागायचो होतो. इतक्या वर्षांनी पुन्हा एक कोवळा गळा माझ्या कडेवरचं नाव वाचणार होता. मी अगदी हरखून गेलो होतो.

सकलैन आला आणि म्हणाला, "फुफी, असा काळवंडलेला लावणार पोरीला? दे इकडे. मस्त फ्रेम करून आणतो, इन्शाल्ला."

त्यांच्यात आत्याला फुफी म्हणतात. फुफीने घरचा पोरगा म्हणून विश्वासाने मला त्याच्या हातात दिलं.

मत्र्यात दुपारी दुकानं बंद होतात. शटर अर्धं खाली ओढून सकलैनने मला लोखंडी पकडीत घट्ट बसवलं आणि कानस घेतली. मित्रांनो, मला कळायला वेळ लागला. वाटलं, मळ काढतोय. मग टेलर गेला. मग बदरुद्दीनचं पहिलं अक्षर गेलं. मग दुसरं. तो अक्षरं संपेपर्यंत शीळ घालत होता. मला फार दुखलं. पण त्याहून जास्त, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, तुझ्याच रक्ताचं नाव ते! मला ओरडता येत नाही, मग मी एकच ठरवलं. याचं उट्टं काढायचं.

त्याने हे कशासाठी केलं ते ऐका. मस्कतच्या अझैबा भागात हॅन्ली नावाचे एक म्हातारे आयरिश साहेब राहतात. तरुणपणी सैन्यात होते, मग ओमानच्या फौजेत शिकवायला आले आणि इथेच राहिले. दर मार्चमध्ये मस्कतमधली आयरिश मंडळी जमतात, तेव्हा ते आपल्या गावच्या जुन्या पलटणीचा एक कोट आणि चर्चमधल्या त्या दगडाचा फोटो मांडून ठेवतात. एक बिल्ला तेवढा नव्हता. त्यासाठी ते सकलैनच्या दुकानात खेटे घालत. साहेबांना सोल्जरचा बिल्ला हवा होता, दर्ज्याचा नव्हे. सकलैनने त्यांच्याच फोनवर दगडाचा फोटो बघितला होता. त्यातलं फ्लिन हे नाव त्याने उचललं आणि माझ्या सोललेल्या कडेवर 'प्रायव्हेट फ्लिन', म्हणजे साधा सोल्जर फ्लिन, असं कोरलं. वर चांदीचा मुलामा चढवला. मी चकाचक झालो. आरशात बघितलं असतं तर मीच मला ओळखलं नसतं.

हॅन्ली साहेबांनी मला तळहातावर घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. फ्लिन त्यांच्याच गावचा. म्हाताऱ्या माणसाच्या भाबडेपणाला असं फसवलेलं बघून मी आणखी पेटलो. आणि मग गुलबानूला त्याने परत काय दिलं? सकलैनने मला घासण्याआधी माझा ठसा घेऊन शिशाचा एक तोतया ओतून ठेवला होता. तो फ्रेममध्ये बसवला, मागून डिंकाने बंद केला, आणि फुफीला म्हणाला, "उघडू नकोस हां, हवा लागली की खराब होतो. पोरीला फ्रेमच हातात दे."

पण चलाख माणूस एक गोष्ट विसरला. जुन्या वस्तू जमवणारे लोक त्यांना घासत नाहीत. घासलं की भाव उतरतो, म्हणून मऊ कापडात गुंडाळून काचेआड ठेवतात. सकलैनचं सगळं आयुष्य अशा गिऱ्हाइकांत गेलेलं. हॅन्ली साहेब जमवणारे नव्हते हो, सैनिक होते! आणि सैनिकाच्या हातात बिल्ला आला, समोर कार्यक्रम असला, की तो काय करतो? तो पॉलिशची डबी बाहेर काढतो.

बुधवारी संध्याकाळी साहेब मला आणि तो लाल कोट घेऊन निघाले. कोटाची कॉलर कसरीने खाल्ली होती आणि माझी फीत सडली होती. आणि या कामाला मस्कतमधला प्रत्येक निवृत्त फौजी जिथे जातो तिथेच तेही गेले. हमरियात, गुलबानूच्या दुकानात!

आत शिरल्याबरोबर मी वर बघितलं. माझ्या खिळ्यावर, माझ्या जागी, तो शिशाचा तोतया बसलेला. अशी सणक गेली डोक्यात!

गुलबानू कोटाची कॉलर उसवत होती. साहेब स्टुलावर बसले, खिशातून पॉलिशची डबी काढली आणि फडक्याने मला घासायला लागले. गप्पा चालू, हात चालू. वर्षानुवर्षांची सवय, त्यांना वेगळं काही करतोय असं वाटतही नव्हतं. मी म्हटलं, घासा, साहेब. आणखी घासा. जोर लावा!

राणीच्या चेहऱ्यात सगळ्यात वर नाक. मुलामा पहिल्यांदा तिथून सुटला. नाक तांबूस झालं, मग गाल, मग मुकुट. साहेबांचा हात थांबला.

"गुलबानू," ते त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "ये चांदी नहीं है. सोल्जर का चांदी होता है. ब्राँझ तो नौकर लोग का."

गुलबानूने चष्मा सावरून मला हातात घेतलं. बोट राणीच्या गळ्याखाली फिरवलं. खळगा लागला. बापाच्या कात्रीचा खळगा तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. तिने कड बघितली. मग उठून भिंतीवरची फ्रेम काढली, कात्रीचं टोक घालून मागचा पुठ्ठा उचकटला आणि तोतयाला बाहेर काढून नखाने ओरखडलं. शिसं ते, लगेच चरा उमटला.

मग साहेबांकडे वळून म्हणाली, "नौकर नहीं, साहब. दर्जी. मेरे दादा."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. घोंगड्यांचं सांगितलं, जवळजवळच्या टाक्यांचं सांगितलं. दगडावरचा फ्लिन त्या मोहिमेत मेलेला, म्हणजे त्याचीही घोंगडी बदरुद्दीननेच शिवलेली. साहेब ऐकत राहिले. शेवटी लालबुंद होऊन म्हणाले, "पुलिस. अभी. यल्ला!"

मलाही तेच हवं होतं. सकलैनला गाडीत घालून नेताना मला बघायचं होतं. पण गुलबानूने मान हलवली. "पुलिस आज पकडेगी, कल सब भूल जाएंगे. साहब, आप शुक्रवार को आना."

मी मनात म्हटलं, झालं! आता हिला रक्ताचा पुळका येणार आणि ही पोराला सोडून देणार. मित्रांनो, मी गुलबानूला ओळखलंच नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली. आफरीन स्वतः शिवलेला निळा शर्ट घालून आली. कॉलर जरा डावीकडे ओढत होती, पण काजं मात्र आजीसारखी. सकलैन हलव्याचा डबा घेऊन हसत हसत दारात आला आणि कोपऱ्यात बसलेल्या हॅन्ली साहेबांना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"फुफी, हे... हे इथे कसे?"

"गिऱ्हाईक आहेत माझे. बस."

तो बसला. गुलबानूने मला आफरीनच्या हातात दिलं. "वाच, बेटा."

आफरीनने मला आडवं धरलं. तिचं मराठी अडखळतं, शाळेत सगळं इंग्रजी. "प्रायव्हेट... फ्लिन," तिने वाचलं आणि गोंधळून वर बघितलं. "आजी, हे दुसऱ्या कोणाचं नेम आहे. आपलं नाव कुठे गेलं?"

"तुझ्या सकलैन चाचाला विचार."

पोरगी वळली. तिला काही माहीत नव्हतं, ती खरंच विचारत होती. "चाचा, नाव कुठे गेलं?"

सकलैनने डब्याच्या झाकणाकडे बघितलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी टॅक्सीला हाक मारत होतं.

"सांग ना तिला," गुलबानू म्हणाली.

"मी घासलं."

"कशाने?"

"कानशीने."

"कुणाचं होतं?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने. साहेबांना ऐकू कमी येतं."

"बदरुद्दीन दर्जीचं."

"तुझा कोण?"

"पणजोबा." एवढं बोलून तो रडायला लागला. मला जराही कणव आली नाही. माझं नाव घासताना तो शीळ घालत होता.

रडणं थोडं ओसरल्यावर तो म्हणाला, "फुफी, पाय धरतो तुझे. साहेबांचे पैसे परत करतो. हे खोटं नाव काढून पुन्हा जुनं कोरून देतो, अगदी होतं तसं."

"हात नाही लावायचास त्याला पुन्हा. तुझ्या हातचं नाव नको मला, तोंडचं हवंय."

आणि मग तिने शिक्षा सुनावली. सकलैनने मला त्याच्या दुकानात, त्याच्या बसण्याच्या समोर टांगायचं. मुलामा उडालेल्या तोंडाने, घासलेल्या कडेने, आहे तसं. विकायचं नाही. आणि जो कुणी विचारेल, हा कुणाचा बिल्ला, त्याला खरं नाव सांगायचं, आपलं नातं सांगायचं आणि ते नाव कुणी घासलं तेही सांगायचं. हे सगळं आफरीन मला परत मागून घेईपर्यंत. एकदा जरी चुकला, तर साहेब आहेत आणि पोलिस आहेत.

"फुफी, अख्ख्या बाजारात माझं नाव जाईल!"

"माझ्या आजाचं गेलंय, सकलैन," ती म्हणाली. "खलास. आता हलवा उघड."

मग आफरीनने कडेवर नसलेलं नाव तोंडपाठ म्हटलं. "बदरुद्दीन दर्जी, माझ्या आजीचे आजोबा." तेवढं म्हणताना एकदाही अडखळली नाही. त्या दिवशी मी तिच्या निळ्या शर्टावर होतो. मार्चमध्ये हॅन्ली साहेबांनी कोट मांडला, दगडाचा फोटो मांडला आणि गुलबानूला बोलावून तिच्याकडून सगळ्यांसमोर त्या घोंगड्यांची गोष्ट ऐकली. तिथेही मी आफरीनच्या छातीवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मला इथे, या काचेच्या पेटीत आणलं.

तेव्हापासून मी इथे आहे. शेजारच्या दुकानदारांना सगळं कळलं आहे. टुरिस्टांना मी फार आवडतो, कारण मी अर्धा चांदीचा आणि अर्धा तांबूस असा विचित्र दिसतो. येणारा प्रत्येक जण बोट दाखवतो. सुरुवातीला सकलैन माझ्यावर रुमाल टाकायचा. मग एकदा गुलबानू कुणाला न सांगता टॅक्सीने आली आणि दारात गर्दीत उभी राहिली. तिने रुमाल बघितला. तो उचलून आपल्या पर्समध्ये घालून ती निघून गेली. त्यानंतर रुमाल पडलेला नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी चांगलं सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगतो. तुमच्या घरी जुना बिल्ला, जुनी वाटी, भाजी चिरायची जुनी सुरीसुद्धा असेल आणि तिच्यावर कुणाचं नाव असेल, तर ते वाचून ठेवा. पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या. वस्तू चोरीला जाते, घासली जाते, पण पोराच्या तोंडातलं नाव कुणाच्या कानशीला सापडत नाही, हे मी त्या शुक्रवारी पाहिलं. आणि कुणी नाव घासलंच, तर त्याला सोडू नका. त्याच्याचकडून ते वदवून घ्या.

मला विचाराल, आता तरी माफ केलंस का? आज सकाळीच एक बोट लागली. एक बाई आत आली, माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, हा कुणाचा? सकलैनने पाण्याचा घोट घेतला. स्टुलावरून उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बदरुद्दीन दर्जी. माझे पणजोबा. नाव मीच घासलं."

बाईने ऐकलं, मान हलवली आणि पुढे गेली. तिच्या मागे आणखी माणसं आत येत होती. येऊ देत. माझं पोट अजून भरलेलं नाही.